दगड चाटणाऱ्या आबांची शोकसभा

"काढ! आधी माझं तोंड काढ तिथून!"

दादा फाट्यावर उभा राहून ओरडत होता आणि आवाज असा, की हायवेवरून चाललेला उसाचा ट्रॅक्टर कडेला थांबला. ड्रायव्हरला वाटलं, आपलंच काहीतरी सांडलं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. पंचायतीपासून कारखान्यापर्यंत जिथं म्हणून खुर्ची आहे, तिथं तिथं बसून आलेला. आवाज मुळातच सभेचा. जेवताना त्यानं मीठ मागितलं तर शेजारच्या गल्लीतून दोन जण मीठ घेऊन येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तो ओरडत होता ते एका फ्लेक्सवर. वर मोठ्या अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली". मधोमध हॅट घातलेला, पांढऱ्या मिशांचा एक गोरा म्हातारा. त्याला हार, दोन्ही अंगांना समया. खाली "इटलीचे थोर द्राक्षमहर्षी, आमचे आबा, यांना अखेरचा दंडवत". त्याच्या खाली "शोकाकुल: वाइनप्रेमी मित्रमंडळ व समस्त गावकरी". आणि उजव्या कोपऱ्यात, गॉगल लावून, मोबाइल कानाला धरून, शोकाकुल झालेला दादा.

आता यात माझी काय चूक? आमच्या भागात फ्लेक्स कुणाचाही असो, उजवा कोपरा दादाचा. बारसं असो, पोलीस भरतीत लागलेलं पोरगं असो, प्रदर्शनात म्हशीचा नंबर आलेला असो, दादा गॉगल लावून कोपऱ्यात हजर. चौसाळ्याच्या फ्लेक्सवाल्यानं आपल्या कॉम्प्युटरमध्ये तो कोपरा कायमचा भरूनच ठेवलाय. मी त्याला मजकूर पाठवला आणि म्हाताऱ्याचा फोटो पाठवला. कोपरा रिकामा ठेव असं म्हणालो नाही, इतकंच.

पण खरी आग वेगळ्याच गोष्टीची होती. त्याच बांबूला लागून दुसरा फ्लेक्स होता. "व्यसनमुक्त गाव, हाच आमचा ध्यास". त्यावरही दादा. तोच गॉगल, तोच मोबाइल. गावातल्या बायांनी दारूबंदी करून घेतली होती आणि दादानं पुढं होऊन शपथ वाहिली होती. आता लोक फाट्यावर चहा पीत एकदा या दादाकडं बघायचे, एकदा त्या दादाकडं. दोघं फोनवर एकमेकांशीच बोलतायत असं दिसत होतं.

"कावून छापलं बे हे?" दादा माझ्यावर आला.

"माणूस गेला, दादा. श्रद्धांजली हाय."

"दारू करणारा माणूस गेला! आन् मी शोकाकुल?"

"वाइन करणारा."

"येकच!"

"येक न्हाई."

"मला शिकवू नको. फ्लेक्स उतरव आन् ती शोकसभा का फोकसभा, ती रद्द कर."

"न्हाई करत."

चहाच्या टपरीवरचे सगळे कप तोंडापर्यंत जाऊन थांबले. दादाला न्हाई म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. दादानं गॉगल काढला. त्याचे डोळे लोकांना क्वचितच दिसतात, त्यामुळं लोक आणखी घाबरले.

"आईक," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "सातबारा अजून येकच हाय आपला. तू सभा घेतली, की दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पोकलेन तुझ्या बागेत. समद्या वेली मुळासकट उपटून ऊस लावतो तिथं. बघ मग कुणाला श्रद्धांजली देतो ते."

हे नुसतं बोलणं नव्हतं. दादाचं पोकलेन म्हणजे त्याचा दुसरा आवाज. पिवळं धमक, घरापुढं उभं. ते ज्या रानात शिरलं तिथलं बाभळीचं झाडही सावली आवरून घेतं. आणि बाग? ती आबांनी स्वतःच्या हातानं लावलेली. जिल्ह्यात त्यांच्या हातची तेवढीच उरलेली.

त्या बागेचं आणि आबांचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल, एका परक्या म्हाताऱ्यासाठी हा सख्ख्या भावाशी कशाला भांडतोय.

मागं एकदा आमच्याकडं एक कंपनी आली होती. नाव सांगत नाही, तसंही ते तिच्या गेटवरून पुसलं गेलंय. वाइनची द्राक्षं लावा, आम्ही सगळी उचलू, असं म्हणाली. लोकांनी लावली. मीही डोंगराच्या पायथ्याचा मुरमाड तुकडा दिला. आणि कंपनीनं सल्ला द्यायला इटलीहून एक माणूस आणला. तिकडं म्हणे त्याचं नाव निघालं की लोक जेवता जेवता उठून उभे राहतात. आमच्याकडं तो जीपमधून उतरला, वाकला, एक दगड उचलला आणि चाटला.

बीड जिल्ह्यात दगड चाटणाऱ्या माणसाचा एकच अर्थ होतो. पाणाड्या. तळहातावर नारळ उभा करून नाहीतर कडुलिंबाची फांदी धरून जमिनीखालचं पाणी दाखवणारे आमच्याकडं रग्गड आहेत. पण जिभेनं पाणी शोधणारा, आणि तोही विमानानं आलेला, हा पहिलाच. संध्याकाळपर्यंत बातमी तलवाड्याला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेतातल्या शेडपुढं रांग लागली आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या रानातला दगड. म्हाताऱ्याला वाटलं, ही या देशातली स्वागताची रीत असावी. त्यानं एकेक दगड मान झुकवून घेतला, चाटला आणि ज्याचा त्याला परत दिला. परळीहून एक जण आपल्या रानातली माती म्हणून पिशवीभर राख घेऊन आला होता, औष्णिक केंद्राची. ती मात्र आबांनी चाटली नाही. नुसता वास घेतला आणि त्या माणसाला मिठी मारली.

कंपनीनं एक दुभाषा दिला होता, गोव्याचा. ऊन आणि आमच्या घरचा ठेचा या दोघांशी त्याची गाठ पडली आणि तो जो गेला तो गेलाच. मग दुभाष्याचं काम मास्तरांनी घेतलं. मास्तर म्हणजे आमच्या शाळेतून रिटायर झालेले, भूगोलाचे. इटली बुटासारखी दिसते एवढंच त्यांना इटलीबद्दल माहीत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी सगळा हंगाम निभावून नेला. आबा अर्धा तास हातवारे करून बोलायचे. मग मास्तर घसा खाकरून सांगायचे, "ते म्हणायलेत, बरंय."

पण एक शब्द आबा स्वतःच शिकले. त्रास. वेलाला त्रास होऊ दे, असं ते सांगायचे. पाणी थोडं, माती थोडी, ऊन भरपूर. सुखात वाढलेला वेल नुसता पाला करतो, त्रासलेला वेल फळात जीव ओततो. हे ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, बोट वेलाकडं करून: "त्रास, त्रास!" मी म्हणालो, "आबा, मग तुमी जागा बरोबर निवडली." मास्तरांनी याचं भाषांतर केलं नाही, तरी म्हातारा पोट धरून हसला.

आणि ते थुंकणं! वाइन तयार झाली की आबा एक घोट तोंडात घ्यायचे, या गालातून त्या गालात खेळवायचे, डोळे मिटायचे, आणि पच्कन थुंकून द्यायचे. गावात हाहाकार झाला. घेऊन पडलेले लोक बघितले होते, घेऊन भांडलेले बघितले होते, घेऊन स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलेला तर आमच्याच भावकीत आहे. पण तोंडात आलेली परत बाहेर काढणारा माणूस कुणी बघितला नव्हता. आयाबाया पोरांना कडेवर घेऊन लांबून दाखवायच्या, "त्यो बघ, त्यो थुंकतो."

दादाच्या डोक्यानं यातूनही पाणीच काढलं. म्हाताऱ्यानं दगड चाटला आणि मग अमुक जागी थुंकला, म्हणजे खाली गोडं पाणी आहे, असं त्यानं ठरवलं आणि बरोब्बर तिथं बोअर घेतला. पाणी लागलं. किती लागलं, हे मी सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल. बोअरवाल्याच्या पायातली चप्पल पाण्याच्या झोतानं उडाली ती अजून खाली आलेली नाही, एवढंच सांगतो. दादाचा गुरांचा वाडगा, त्यातली जनावरं, घर, सगळं आजही त्याच बोअरचं पाणी पितं.

पुढं कंपनी बसली. द्राक्षं उचलायला कुणी आलं नाही. लोकांनी बागा उपटल्या, बांधावर वेलींचे ढीग पेटले. त्या वर्षी आबा स्वतःच्या खर्चानं आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जळक्या ढिगांमधून ते माझ्याबरोबर चालत गेले आणि त्यांच्या भाषेत कितीतरी वेळ, न थांबता, बोलत राहिले. मी मास्तरांना विचारलं, "काय म्हणायलेत?" मास्तर म्हणाले, "भूगोलाबद्दल बोलायलेत." शिव्या कुठल्याही भाषेतल्या कळतात, मास्तरांनी उगाच अब्रू राखली.

माझी बाग मी उपटली नाही. का नाही उपटली, याचं शहाणपणाचं उत्तर माझ्याकडं नाही. छाटणीच्या वेळी आबा प्रत्येक वेलापुढं असे उभे राहायचे, की मला वाटायचं, उभ्या उभ्या झोपले. मग हात पुढं यायचा आणि एकच काप. दुसरा नाही. मी आपला कापसाच्या पऱ्हाट्या तोडाव्यात तसा कचाकचा कात्री चालवायचो, तर हातावर चापट मारायचे. माझ्या बापानंही कधी मला तेवढ्या हक्कानं मारलं नाही. त्यानंतर ते दर छाटणीला येत राहिले. बीडच्या लॉजवर एकदाही राहिले नाहीत. शेडमध्ये बाजेवर झोपायचे, सकाळी ठेचा-भाकरी खायचे आणि डोळ्यांत पाणी आलं की "त्रास!" म्हणून आणखी ठेचा मागायचे.

धान्य साठवायचं जुनं पेव होतं आमच्या रानात, जमिनीखाली खोल. आबा एकदा दोर धरून त्यात उतरले आणि बराच वेळ वर येईनात. आम्ही घाबरलो. वर आले ते नवरदेवासारखं तोंड करून. तेव्हापासून आमचं मंडळ चालू झालं: मी, मास्तर आणि आमच्याकडचा जनावरांचा डॉक्टर. कायद्याचं म्हणाल तर आम्ही वाइन करत नाही. आम्ही द्राक्षाचा रस काढतो, पेवात ठेवतो आणि विसरून जातो. पुढं त्या रसाचं काय होतं, हा रसाचा प्रश्न. डॉक्टर फक्त मधूनमधून त्याचा ताप बघतो, आणि त्यासाठी वापरलेला थर्मामीटर कोरा होता असं तो आजही पोरांच्या शपथा घेऊन सांगतो.

तर आबा गेल्याचा निरोप फोनवर आला. त्यांच्या नातीनं फोटो पाठवला होता, हॅट घातलेला. आम्ही तिघं शेडमध्ये कितीतरी वेळ तो फोटो हातोहात फिरवत बसलो. मग डॉक्टरनं कुठूनसं काढलं, की मोठ्या शहरातल्या वाइनवाल्यांनी ऑनलाइन शोकसभा ठेवलीय. आम्हीही घुसलो. एका फोनपुढं तीन डोकी. पडद्यावर एकेक असामी, हातात भोपळ्याएवढाले काचेचे ग्लास. एक जण डोळे मिटून सांगत होता, की आबांच्या वाइनमध्ये त्याला पहिल्यांदा चामड्याचा वास आला, मग तंबाखूचा, मग ओल्या कागदाचा.

"हे वाइनचं सांगायलेत का बसकंडक्टरचं?" डॉक्टर म्हणाला. त्याला वाटलं, आवाज बंद आहे. तो चालू होता.

तिकडं हातातले ग्लास फिरायचे थांबले. मी संधी साधून बोललो, की आम्ही बीड जिल्ह्यातून बोलतोय, आबा दर छाटणीला आमच्याकडं यायचे, त्यांनी लावलेली बाग आहे. कुणीतरी हसलं. एक गृहस्थ फार गोड आवाजात म्हणाले, "बीडला? अहो, तिथं पाणी तरी आहे का?"

"पाणी न्हाई म्हणूनच आलते ते!" मी ओरडलो. पण तोवर त्यांनी आम्हाला बाहेर काढलं होतं. पडद्यावर आमचीच तीन तोंडं राहिली.

मास्तर इतके शांत, की वर्गात पोरं बाक वाजवायची तरी रागावायचे नाहीत. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आपून घ्यायची. माईक लावून घ्यायची. त्यांच्या बुटापर्यंत आवाज गेला पाहिजे." त्यांच्या लेखी इटली म्हणजे अजूनही बूटच. दुसऱ्याच दिवशी मी फ्लेक्स टाकला.

आता कळलं ना, फाट्यावर मी न्हाई कशाला म्हणालो ते?

दादानं समाजमंदिराला कुलूप लावलं. मंडपवाल्याला दम भरला, तर त्यानं मंडप दिला नाही. पण माईक आणि दोन कर्णे देऊन गेला, कारण त्याच्या रानातलाही बोअर आबांनीच चाटलेल्या दगडावर होता. सभा बागेतच घ्यायची ठरली. उपटायचीच असेल तर आमच्या देखत उपटा. एका खुर्चीवर आबांचा फोटो, हार, उदबत्त्या. शेजारी स्टुलावर एक बाटली. आबांनी स्वतः बूच मारून पेवात आडवी ठेवलेली, मी येईन तेव्हा उघडू म्हणून.

मला वाटलं होतं, आम्ही तिघं आणि फार तर चार कुत्री. पण माणसं येत गेली. ज्यांच्या दगडांना आबांची जीभ लागली होती ते सगळे आले. काही जण तर दगडच घेऊन आले आणि फोटोपुढं ठेवले. बघता बघता तिथं केवढा ढीग झाला म्हणता, बसलेल्या माणसांना आबांचा फोटो दिसेना, हॅट तेवढी दिसायची.

आणि मग आली वहिनी. दादाची बायको. गावातली दारूबंदी खरी तिनंच केली, दादानं फक्त शपथ घेतली. बचतगटाच्या सगळ्या बाया पाठीमागं, पदर खोचून. डॉक्टर बाटलीवर उपरणं टाकायला धावला.

"झाकू नका, डॉक्टर. दिसलीया मला," वहिनी म्हणाली. "बंद करायला आलोय आमी हे."

"करा," मी म्हणालो. "पण वहिनी, आदी दोन शब्द बोला. तुमच्या घरचं पाणी हाय त्यांचं."

मी माईक पुढं धरला. वहिनीनं तो घेतला, फोटोकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"मला भाषण येत न्हाई," ती म्हणाली. "माझा दीर लबाड हाय, हे समद्यांना म्हाईत हाय. त्या पेवात काय हाय, ते बी म्हाईत हाय. पण ह्या म्हाताऱ्याचं येक सांगते. आमच्या गावात लई पिणारे झाले, थुंकणारा ह्यो एकलाच. समद्यांनी ह्याच्यासारखी थुंकून प्यायची कबूल करावी, मी उद्याच बंदी उठविते."

बाया हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता खाली बसल्या. एकदा बसलेल्या बायांना सभा उधळता येत नाही.

तेवढ्यात धुरळा दिसला. दादाच्या जीपा. दादा उडी मारून उतरला, पांढरेशुभ्र कपडे, मागं पाचपंचवीस पोरं. "बंद करा! बंद करा हे!" म्हणत तो सरळ फोटोपर्यंत आला.

आता मला जे सुचलं ते मला सुचलं, की पेवात उतरून बसलेल्या म्हाताऱ्यानं सुचवलं, सांगता येत नाही. मी वहिनीच्या हातातला माईक घेतला आणि छाती भरून बोललो, "आपल्या दुःखात सहभागी होण्यासाठी आदरणीय दादासाहेबांचं आगमन झालेलं आहे. दाटलेल्या कंठानं ते आपल्यापुढं दोन शब्द बोलतील." आणि माईक त्याच्या हातात दिला.

तुम्ही दादाचा हात बघितला असता तर तुम्हाला पटलं असतं. डोकं म्हणत होतं, फेकून दे. पण हात! गेली कित्येक वर्षं त्या हातानं माईक धरलाय. मयत, वर्षश्राद्ध, सत्कार, उद्घाटन. हाताची बोटं आपोआप मिटली. दुसरा हात आपोआप पाठीमागं गेला. मान एका बाजूला कलली. आणि तोंड उघडलं.

"आज," दादा म्हणाला, आणि कर्ण्यांतून तो सगळ्या डोंगरावर घुमला, "आज आपल्यातून येक असं व्यक्तिमत्त्व निघून गेलंय, की ज्यांच्या जाण्यानं कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झालेली हाय." मग तो थांबला. माईकवर हात ठेवून मला हळूच विचारलं, "नाव काय बे ह्याचं?"

"आबा म्हण."

"आबांचे आन् माझ्या घराण्याचे जिव्हाळ्याचे संबंध!" दादानं हात उंचावला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती दादाचं वाक्य संपलं की टाळ्या वाजवतात, कशावरही.

"दादा, बोअर सांगा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सांगतो! त्या बोअरचं पाणी आज माझी गुरं पितात, माझी लेकरं पितात. ज्या भूमीत आबांनी आपला घाम सांडला..."

"थुंकी बी!" वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली.

"...आपलं सर्वस्व सांडलं, ती ही भूमी! मित्रांनो, आबा गेले न्हाईत. ह्या वेलीवेलीत आबा हायेत. ही बाग म्हणजे त्यांचं जिवंत स्मारक हाय! आन् मी ह्या ठिकाणी, समद्यांच्या साक्षीनं शब्द देतो, की ह्या स्मारकाच्या एका काडीलाही, मी हाय तोवर, धक्का लागू देणार न्हाई!"

टाळ्या अशा पडल्या, की डोंगरावरचे मोर उडाले. चौसाळ्याहून आलेल्या वार्ताहरानं फोटो काढला.

"आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून," दादा सवयीनं म्हणाला, "आबांना श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. माना खाली. मी मान खाली घातली नाही. मी दादाकडं बघत होतो. त्या स्तब्धतेत त्याचं बोलणं त्याच्या स्वतःच्या कानांपर्यंत आलं. आधी भुवई हलली. मग ओठ. मग तो सावकाश डोळे वर करून माझ्याकडं बघू लागला, आणि ते बघणं असं, की पोकलेनच्या दातांना लाज वाटावी. पण शोकसभेच्या स्तब्धतेत कुणाला शिवी देता येत नाही, सगळ्या तालुक्याला ती शिस्त त्यानंच लावलीय. स्तब्धता संपली, तसा तो जीपमध्ये बसला आणि गेला.

मग आम्ही बाटली उघडली. पहिली धार मुळांना. नंतर फुलपात्रांत थोडी थोडी. वहिनी आणि बाया समोर, डोळे रोखून. काय करणार? आम्ही एकेक घोट तोंडात घेतला, या गालातून त्या गालात नेला, डोळे मिटले. आयुष्यात तशी चव पुन्हा येणार नव्हती, जिभेला ते कळत होतं. आणि आम्ही पच्कन थुंकलो. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "चामडं लागलं मला," ते म्हणाले, "खरंच लागलं." डॉक्टरला नेमकी तेव्हाच उचकी लागली आणि त्याचा घोट आत गेला, असं त्याचं म्हणणं. वहिनी त्याच्याकडं बघत राहिली.

ते शहरातले गृहस्थ अजूनही कुठंतरी ग्लास गोल गोल फिरवत असतील. फिरवू देत. आबांचा हात आमच्या मुरमात आहे, त्यांच्या काचेत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगीन, पुन्हा आत घेतलं तर.

पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवसाचा मला भरवसा नव्हता. सभेतला शब्द आणि सकाळचा शब्द यांत दादा फरक करत आलाय, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी उजाडायच्या आत बागेत जाऊन बसलो, कात्री हातात घेऊन, जणू कात्रीनं पोकलेन अडणार होतं. ऊन वर आलं. कुणी आलं नाही. शेवटी मीच उठून दादाच्या घरी गेलो.

दादा ओट्यावर बसून पेपर वाचत होता. त्यात त्याचा फोटो होता, हात उंचावलेला, मागं आबांची हॅट. घरापुढं पोकलेन धडधड चालू होतं. ड्रायव्हर वर बसून त्याचा भलामोठा हात वरखाली करत होता, अंगणातली माती सारखी करायला.

मी दादापुढं जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "दादा, पोकलेन बागेत कवा आणतो?"

त्यानं पेपरातून डोकं काढलं नाही.

"बिघडलंय," दादा म्हणाला.